पाहुणे कुठले?

भाड्यानं घर शोधताना मालक आधी भाड्याचं बोलतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकतर कधी घर शोधलेलं नाही, नाहीतर त्यांचं आडनाव सोयीचं असावं. आम्ही घर शोधलं त्या बारामतीत भाड्याचा विषय सगळ्यात शेवटी निघायचा. आधी चहा यायचा, मग गाव कुठलं ते निघायचं, आणि मग मालक मांडी बदलून विचारायचा, "पाहुणे कुठले?" पाहुणे म्हणजे सोयरे. बायको कुठली केली, मुली कुठं दिल्या, मामाचं आडनाव काय. एवढ्यावरून समोरचा माणूस आपल्यातला की बाहेरचा हे आमच्याकडे कळतं आणि जात हा शब्द तोंडातून काढावा लागत नाही. सगळं कसं अदबीत होतं. त्या अदबीचा मला आजही राग येतो. तोंडावर शिवी देणारा माणूस निदान ओळखता येतो.

माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, कऱ्हाटीच्या शाळेवर मास्तर होते. शाळेच्याच एका खोलीत दुसऱ्या मास्तरांबरोबर राहायचे. आई आणि मी इंदापूर तालुक्यात कळंबला, आमच्या गावी. शनिवारी शाळा सुटली की अण्णा एसट्या बदलत घरी यायचे आणि सोमवारी अंधारात निघून जायचे. माझं सगळं बालपण असं शनिवारची वाट बघण्यात गेलं. बारावी झाल्यावर मी बारामतीच्या कॉलेजात बीएस्सीला नाव घातलं. मला केमिस्ट्रीची मॅडम व्हायचं होतं. आमच्या वस्तीतली कुठलीच मुलगी तोवर प्रयोगशाळेची पायरी चढली नव्हती. पण प्रॅक्टिकल दुपारनंतर असायची आणि ती सुटेपर्यंत कळंबकडची सोयीची गाडी निघून गेलेली असायची. मुलींच्या वसतिगृहात जागा नव्हती. तेव्हा अण्णांनी ठरवलं, की बारामतीत स्टँडसमोर खोल्या घ्यायच्या. ते सकाळच्या गाडीनं कऱ्हाटीला जातील, मी चालत कॉलेजला जाईन, आणि आईला लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्याला रोज गरम भाकरी वाढता येईल. आईनं त्या दिवशी चुलीपुढं बसल्या बसल्याच पत्र्याची ट्रंक आवरायला घेतली होती.

स्टँडसमोरची ती इमारत तेव्हाच जुनी होती. खाली दुकानं, वर दोन मजले, पुढं लांबच्या लांब गॅलरी, गॅलरीच्या टोकाला संडास. जिन्याचा कठडा माणसांच्या हातांनी गुळगुळीत झालेला. मालकांना सगळे तात्या म्हणायचे. ते आणि त्यांच्या मंडळी पहिल्या मजल्यावर राहायचे. खोल्या बघायला आम्ही तिघंही गेलो होतो. तात्यांनी अण्णांचं नाव विचारलं. अण्णांनी गायकवाड सांगितलं, मास्तर आहे सांगितलं. तात्यांचा चेहरा खुलला. "बडोद्याकडचे का काय?" म्हणून ते स्वतःच हसले. मग मांडी बदलून त्यांनी तो प्रश्न विचारला. अण्णांनी एकेक गाव शांतपणे सांगितलं. आईचं माहेर निमगाव, मामांचं आडनाव भोसले, आत्या फलटणकडे दिलेली. भोसले म्हटल्यावर तात्यांनी मान डोलावली आणि खिशातून चावी काढली. यातला एक शब्द खोटा नव्हता. आमच्या लोकांतही भोसले आहेत, गायकवाड आहेत, जाधव आहेत. ते तात्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण इस्त्रीचा सदरा घातलेला, शुद्ध बोलणारा मास्तर आपल्यातलाच असणार, असं त्यांनी मनाशी धरलं, आणि अण्णांनी ते तसंच राहू दिलं.

आईला ते आवडलं नाही. सामान लावताना तिनं ट्रंकेतनं बाबासाहेबांची आणि बुद्धाची अशा दोन तसबिरी काढल्या आणि कुठं लावायच्या विचारलं. तात्यांनी चावी देताना भिंतीला खिळा ठोकायचा नाही असं बजावलं होतं. अण्णांनी त्याच खिळ्याचा आधार घेतला. "मालक खिळा ठोकू देत न्हाय," म्हणाले, "बघू नंतर." तसबिरी परत साडीत गुंडाळून ट्रंकेत गेल्या आणि ट्रंक कॉटखाली. आई त्या रात्री जेवताना एवढंच म्हणाली, "आपण काय कुणाच्या घरात चोरून शिरलोय का?" अण्णा म्हणाले, आपण खोटं बोललो नाही, त्यांनी विचारलंच नाही. "मग तुमी सांगितलं का न्हाय?" यावर अण्णा भाकरीचा तुकडा मोडत राहिले.

आणि तरी, कबूल करायला हवं, ते दीड वर्ष आमच्या घरातलं सगळ्यात चांगलं दीड वर्ष होतं. स्टँडवरचा भोंगा पहाटेच सुरू व्हायचा. इंदापूर, भिगवण, वालचंदनगर, फलटण, कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते बाई नाकातून सांगायच्या आणि आम्हाला घड्याळाची गरज उरली नाही. मोरगावकडची, म्हणजे कऱ्हाटीवरून जाणारी, गाडी पुकारली, की अण्णा चहाचा शेवटचा घोट उभ्यानंच घ्यायचे आणि जिना उतरायचे. आई गॅलरीतून त्यांना फलाटाकडे जाताना बघायची, आणि गाडी फाटकातून वळेपर्यंत आत यायची नाही. खाली रसवंती होती. तिच्या चरकाला घुंगरं बांधलेली, ती दुपारभर वाजायची. त्या घुंगरांच्या आवाजात मी नायट्रोजनची संयुगं पाठ केली. डिझेलचा वास, उसाच्या चोयट्यांचा आंबूस वास, आणि संध्याकाळी शेजारच्या हॉटेलातून भज्यांचा. प्रॅक्टिकल सुटल्यावर हाताला ॲसिडचा वास घेऊन मी घरी यायचे आणि मला ते फार मोठं काहीतरी वाटायचं.

तात्यांच्या मंडळींना आम्ही काकू म्हणायचो. जाडजूड, मायाळू, बोलायला लागल्या की न थांबणाऱ्या. त्यांचा माझ्या आईवर जीव जडला होता, हे मी उपरोधानं लिहीत नाही. आईच्या हातची हुलग्याची शेंगोळी त्यांना इतकी आवडायची, की थंडीत दर आठ दिवसांनी त्या गॅलरीतून हाक मारून विचारायच्या, हुलगे दळून आणलेत का. आई ऐटीत शेंगोळ्या वळायची, लसणाची फोडणी जरा जास्तच द्यायची, आणि पितळी डब्यात घालून मला खाली पाठवायची. तो डबा कधी रिकामा परत आला नाही. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालतात. काकू तर मटणाचा रस्सा द्यायच्या, सांज्याच्या पोळ्या द्यायच्या, एकदा शेतातली अंजिरं दिली होती. संक्रांतीला त्यांनी आईला हळदीकुंकवाला नेलं. आई वाण घेऊन आली, ते फडताळात ठेवलं आणि दिवसभर कुणाशी नीट बोलली नाही. भीमजयंतीला आम्ही सणाचे कपडे पिशवीत घालून, साध्या कपड्यांत कळंबला निघालो. काकूंनी जिन्यात विचारलं, "जत्रंला निघाला व्हय?" अण्णा म्हणाले, "व्हय, गावाकडं जरा." आई भर उन्हात कळंबला उतरल्यावर आडोशाला जाऊन पांढरी साडी नेसली. तिच्या कपाळावरची ती आठी मला अजून दिसते.

परवा माझी मुलगी पुण्यात घर शोधत होती. आता सगळं मोबाइलवर. फोटो बघायचा, नकाशात मेट्रोचं स्टेशन किती जवळ ते बघायचं, बोट लावायचं. मी म्हटलं, बरं झालं, तो चहा आणि ती मांडी बदलणं तरी गेलं. संध्याकाळी मालकाचा फोन आला. आवाज गोड, तरुण. "फुल नेम काय म्हणालात?" मुलीनं सांगितलं. मग त्यानं विचारलं, "मूळ गाव कुठलं तुमचं?" मी भाजी निवडत होते. पोरगी फोनवर हसून बोलत राहिली आणि माझ्या हातातली मेथी तशीच राहिली.

तर काकूंचा एक भाचा होता, सोमेश्वरनगरला कारखान्यात चिकटलेला. काकूंनी त्याच्यासाठी मला मनात धरलं. एका रविवारी त्या आणि तात्या दोघंही वर आले. नेमकी त्याच सकाळी आईनं शेंगोळी केली होती. तिनं काकूंना ताटलीत वाढून दिली, तात्यांना चहा दिला. काकूंनी खातखातच विषय काढला. पोरगी डोळ्यांसमोरची आहे, गुणाची आहे, बाहेर कशाला जाऊ द्यायची. मी आतल्या दाराशी उभी होते. मला नवरा नको होता, मला फक्त ते दुसरं वर्ष आणि मग तिसरं वर्ष हवं होतं. अण्णांनी नेहमीचं सांगितलं, की शिकतेय अजून, शिकू द्या. इथं संपायला हवं होतं. पण तात्या म्हणाले, शिकू द्या की, भाच्याला शिकलेलीच हवी आहे, पुढचं शिक्षण आम्ही करू. कुठलाही बाप विरघळावा असं बोलणं. मग त्यांनी विचारलं, "देवक काय तुमचं, गुरुजी? तेवढं येगळं निघालं का बाकी काय बघायचं न्हाय आमाला."

देवक म्हणजे घराण्याची खूण, कुणाचं पंचपल्लव, कुणाचं सूर्यफूल. एकाच देवकाच्या घरांत लग्न होत नाही. अण्णा सदऱ्याची बाही सारखी करायला लागले. त्यांना अजूनही निसटता आलं असतं. पोरगी लहान आहे, पत्रिका जुळत नाही, गावाकडं आधीच बोलणं झालंय, शंभर वाटा होत्या. आत आई हातातली पळी तशीच धरून उभी होती. आणि तात्यांना वाटलं, गुरुजी संकोचलेत. त्यांनी अण्णांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि कौतुकानं म्हणाले, "अवो, आमी माणूस पारखून घेतो. ह्या बिल्डिंगीत आजपातूर आपल्याबिगर दुसरं कोण आलं न्हाय. पाहुणं इचारल्याशिवाय मी कुणाला चावी देत न्हाय."

अण्णा उठले. कॉटखालून ट्रंक ओढली. साडीची घडी सोडली आणि बाबासाहेबांची तसबीर काढून टेबलावर भिंतीला टेकवून ठेवली. अगदी सावकाश, जरा तिरकी झाली होती ती सरळ केली. मग वळून म्हणाले, "तात्या, आमचं देवक न्हाय. आमी बौद्ध हाय."

रसवंतीची घुंगरं खाली वाजत होती, ती एकाएकी फार मोठ्यानं वाजायला लागली. काकूंच्या हातातली ताटली त्यांनी खाली ठेवली. अर्धी शेंगोळी तशीच होती. तात्यांनी मात्र चहा संपवला. तेवढं त्यांच्या बाजूनं लिहायला हवं. कप ठेवून ते म्हणाले, "आधी बोलायचं, गुरुजी."

"तुमी पाहुणं इचारलं. मी पाहुणं सांगितलं," अण्णा म्हणाले.

आरडाओरडा झाला नाही. कुणी कुणाला वेडंवाकडं बोललं नाही. तात्या उलट जाताना म्हणाले, की आम्ही तसलं काही मानत नाही, पण बिल्डिंगमध्ये चार माणसं राहतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराबाहेर आमची भांडी होती. पितळी डबा, दोन वाट्या, एक झाकण. घासून लख्ख केलेली, आणि रिकामी. आईनं डब्याचं झाकण उघडून आत बघितलं. मला तिनं हाक मारली नाही, पण मी मागंच उभी होते. आई कधी रडणारी बाई नव्हती, तेव्हाही रडली नाही. तिनं डबा आत नेला, शेजारच्या बाईकडून हातोडी मागून आणली, आणि भिंतीला दोन खिळे ठोकून दोन्ही तसबिरी लावल्या. खिळे ठोकल्याचा आवाज खाली तात्यांपर्यंत गेलाच असणार. आठवडाभरात तात्या अण्णांना जिन्यात गाठून म्हणाले, की पुतण्या शिकायला यायचाय, खोल्या लागतील. आई काकूंकडे गेली. पोरीची परीक्षा होईस्तोवर राहू द्या, म्हणाली. काकूंचे डोळे भरून आले म्हणे. "माझ्या हातात काय हाय, वैनी," म्हणाल्या. तो पुतण्या कधी आला नाही. खोल्या पुढं कितीतरी दिवस बंद होत्या, ते मी कॉलेजला जाता-येता बघत होते.

अण्णांनी त्यानंतर दुसरी जागा शोधली, पण कशी शोधली ते सांगते. दार उघडलं की चहा यायच्या आतच ते म्हणायचे, "मी गायकवाड. बौद्ध. खोली हाय का?" कुणी म्हणायचं कालच गेली, कुणी म्हणायचं मुलाला विचारून सांगतो. एकानं तर, आमच्याकडं फक्त शाकाहारी, असं सांगितलं आणि आतून बोंबील भाजल्याचा वास येत होता. अण्णा त्या दिवशी घरी येऊन हसले. आमच्या लोकांच्या वस्तीत, स्टँडपासून बरंच लांब, आईच्या चुलतभावाकडे एक खोली मिळत होती. अडचणीची होती, पण होती. आई म्हणाली, चला, आपल्या माणसांत तोंड वर करून तरी राहू. अण्णांनी साफ नाही सांगितलं. "मास्तर होऊन बी मला माझ्याच वस्तीत ढकलणार असतील, तर मी सोताच्या पायानं जायचा न्हाय." मी तिथं उभी होते. मी म्हटलं, "अण्णा, माझी प्रॅक्टिकलं?" ते माझ्याकडे बघत राहिले. हट्ट त्यांना सोडवत नव्हता.

आम्ही कळंबला परत गेलो. अण्णा कऱ्हाटीच्या त्या खोलीत. मी थोडे दिवस गाडीनं ये-जा करून बघितली. प्रयोग अर्धा झाला, की मी घड्याळाकडे बघायचे. मिश्रणाचा रंग बदलायच्या आत परीक्षानळी ठेवून स्टँडकडे पळायचे, आणि तरी पुष्कळदा गाडी गेलेली असायची. मग फलाटावर बसून समोरच्या त्या बंद खोल्यांची गॅलरी बघायचे. प्रॅक्टिकलला हजेरी कमी पडली. मला परीक्षेला बसू दिलं नाही. पुढं मी बाहेरून बीए केलं आणि सरकारी कचेरीत आयुष्यभर टेबल सांभाळलं. नोकरी वाईट नव्हती. पण केमिस्ट्री गेली ती गेली. तात्यांवर माझा राग आहे, तो आहेच. अण्णांवरही आहे, आणि तो मला जास्त छळतो. कारण त्यांचं चुकलं कुठं ते मला आजही सांगता येत नाही. गप्प बसले तेव्हा, की बोलले तेव्हा, की मग झुकले नाहीत तेव्हा? त्यांना झुकायची वेळ ज्यांनी आणली ते मात्र कधी कशाचा विचार करत बसले नसतील.

अण्णा गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्याकडच्या दिवसकार्याला, मी कळंबला निघाले होते. बारामतीच्या स्टँडवर इंदापूरकडच्या गाडीची वाट बघत होते. आता सगळं नवं, फरशा गुळगुळीत, ती जुनी इमारत पाडून तिथं काचेचं काहीतरी उभं. शेजारच्या बाकावर एक म्हातारी सुनेचा हात धरून बसली होती. तिनंच मला ओळखलं. काकू. पार वाळल्या होत्या, पण आवाज तोच. माझा हात हातात घेऊन त्यांनी कुरवाळला, आई कशी आहे विचारलं, गुरुजी गेले ऐकून खरोखर हळहळल्या. मग सुनेला आणि आजूबाजूच्या दोन बायांना ऐकू जाईल असं सांगायला लागल्या, "ही आमच्या गुरुजींची पोरगी. घरच्यासारखी माणसं आमची. आयेच्या हातची शेंगोळी, काय सांगू बाई तुला. मग गुरुजींची बदली झाली न् गेली समदी."

सून माझ्याकडे बघून हसली. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, की बदलीची ही गोष्ट तिनं पुष्कळदा ऐकलेली आहे. त्या इमारतीत आमच्यामागं हीच गोष्ट राहिली होती.

मी म्हटलं, "बदली न्हवती झाली, काकू. आमी बौद्ध हाय म्हणून तुमी आमाला काढलं."

मला वाटलं होतं त्या ओशाळतील, निदान रागावतील. तसं काहीच झालं नाही. काकूंनी झटकन इकडंतिकडं बघितलं, माझ्या हातावरचा हात घट्ट केला आणि माझ्याकडे वाकल्या. त्यांच्या डोळ्यांत माया होती, आणि मला कळलं की इतकी वर्षं त्या बदलीचं सांगत होत्या ते आमच्यावर उपकार म्हणून. आमची काहीतरी लाज त्या झाकून ठेवत होत्या.

"हळू बोल गं बाई," त्या कुजबुजल्या. "लोक ऐकत्यात."

मी माझा हात सोडवून घेतला. "ऐकू द्या," मी म्हटलं.